दादाच्या स्टुलावर कुणाला बसवायचं? घरचं माणूस गेल्यावर जॅझ बँड नव्याने बांधताना

दादा गेला तेव्हा आमच्या बँडच्या वहीत पुढच्या अडीच महिन्यांतले अकरा गिग, म्हणजे कार्यक्रम, लिहिलेले होते. तो ड्रम वाजवायचा, मी पियानो. बँड माझ्या नावावर होता खरा, पण कुठलं गाणं कुठल्या लयीत उचलायचं हे बावीस वर्षं त्यानेच ठरवलं. सुतक फिटायच्या आत एका हॉटेलवाल्याचा फोन आला, 'शनिवारचं काय करताय?' मी म्हटलं, 'येतो.' पुढचा सगळा घोळ त्या एका 'येतो'पासून सुरू झाला.

तिसऱ्या आठवड्यात एका तरुण, चांगल्या तयारीच्या ड्रमरला बोलावलं. दादाचाच सेट, दादाचंच स्टूल, दादाच्या पेन्सिलच्या खुणा असलेले कागद. तालमीत दर दहा मिनिटांनी माझ्या तोंडून निघायचं, 'दादा इथे जरा मागे बसायचा.' तिसऱ्या तालमीनंतर त्या मुलाने काड्या पिशवीत घातल्या आणि म्हणाला, 'सर, त्यांच्यासारखं मला येत नाही, आणि माझ्यासारखं वाजवलं की तुम्ही थांबवता.' चहा न घेताच गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. गेलेलं माणूस बँडमध्येच वाजवणारं होतं असं धरून लिहिलं आहे, कारण खरी गुंतागुंत तिथे होते. आणि जॅझमध्ये हे काही विरळा नाही. पियानोवादक लुई बँक्स यांचे वडील जॉर्ज बँक्स ट्रम्पेट वाजवायचे, मुलगा जीनो ड्रम वाजवतो. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या आल्डोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, आणि त्यांचे जावई सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस. घर आणि बँड एकाच छपराखाली असले की एक माणूस गेल्यावर दोन्ही एकदम हलतात.

आधी वही मोकळी करा

पहिल्या दोन आठवड्यांत नव्या बँडचा विचारही करायचा नाही. काम एकच: वहीतल्या तारखा. आणि ते तुम्ही स्वतः करायचं नाही. बँडमधल्या ज्याला हिशेब जमतो अशा एकाच्या हातात वही द्या आणि सगळ्यांना त्याचाच नंबर कळवा. निरोप दोन ओळींचा पुरतो: 'घरी दुःखद घटना घडली आहे. तारखांबद्दल अमुक यांच्याशी बोलावं.' आजारपणाचा तपशील, शेवटचे दिवस, यातलं काही लिहू नका. लिहिलंत की उत्तरं येतात आणि त्यांना उत्तरं द्यावी लागतात.

तारखांचे तीन भाग पडतात. लग्नाच्या आणि कंपन्यांच्या तारखा अख्ख्याच्या अख्ख्या दुसऱ्या बँडला द्या, अ‍ॅडव्हान्स त्यांच्याकडे वळवा. तिथे तुमच्या अर्ध्या बँडमध्ये अर्धे बदली वादक घालून कुणाचंच भलं होत नाही. दर आठवड्याचं हॉटेल किंवा कॅफे असेल तर एक पियानो, एक बेस अशी जोडी पाठवा, म्हणजे जागा हातची जात नाही. तुमचंच संगीत ऐकायला लोक येणार असतील असा कार्यक्रम सरळ रद्द करा. पुढे ढकलू नका. पुढे ढकललेली तारीख डोक्यावर बसून राहते.

घरच्यांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. आमच्याकडे तेराव्यापर्यंत पियानोचं झाकण उघडलं नाही. आमचा बेसवाला म्हापशाचा. त्याच्या घरी सातव्या दिवसाची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाल्यावर वाजवायला हरकत नसते, पण महिन्याच्या मिस्सेपर्यंत लग्नात वाजवत नाहीत. हे नियम तुमच्या पटण्या न पटण्याचे नाहीत. आई आतल्या खोलीत बसलेली असते, एवढं लक्षात ठेवायचं.

वही मोकळी झाली की दोनतीन महिने दुसऱ्याच्या बँडमध्ये सब, म्हणजे बदली वादक, म्हणून जा. हा सल्ला मला एका म्हाताऱ्या ट्रोम्बोनवाल्याने दिला आणि तेव्हा मला तो अपमान वाटला होता. पण सबला काहीच ठरवावं लागत नाही. कागद समोर येतो, तो वाजवायचा, पाकीट घ्यायचं, लोकल पकडायची. हात चालू राहतात. आणि नकळत दहाबारा वादकांबरोबर वाजवून होतं, ज्यांतले दोघंतिघं पुढे तुमच्या बँडमध्ये येणार असतात.

कपाट

वहिनींनी सव्वा महिन्याने सिंबलची पिशवी माझ्या हातात दिली. 'भावजी, ह्या तुम्ही घेऊन जा. रात्री पाणी प्यायला उठलं की हात लागतो आणि वाजतात.' मी आणल्या आणि माझ्या पलंगाखाली ठेवल्या.

वाद्यं वर्षभर विकायची नाहीत आणि कुणाला द्यायची नाहीत, हा माझा नियम. पण नुसती झाकून ठेवली तर मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचं वाटोळं होतं, तेव्हा थोडी निगा करावी लागते. सिंबल घासून चकचकीत करू नका, चमक येते आणि आवाज बदलतो. बोटांचा तेलकटपणा मऊ फडक्याने पुसला की झालं. ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसा, तेल घाला, स्लाइडना ग्रीस लावा, नाहीतर ते असे धरतात की मग कारागिराकडेच जावं लागतं. सॅक्सोफोनचे पॅड दमटपणाने चिकटतात. पॅडच्या खाली सिगारेटचा पातळ कागद धरून वाद्याची की (खटका) हलकी दाबायची आणि कागद काढून घ्यायचा. डबल बेसच्या चारही तारा एकदम सैल करू नका. आतली साउंडपोस्ट ही लहानशी काठी केवळ दाबाने उभी असते. दाब गेला की ती पडते. एका वेळी एकच तार.

वाद्यांपेक्षा जास्त वेळ कागदांना द्या. चार्ट, सेट लिस्ट, जुन्या कॅसेट, फोनमधल्या गुणगुणलेल्या नोंदी. दुपारच्या उजेडात, एका वेळी एकच गठ्ठा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून वहीत चार गोष्टी लिहा: नाव, सूर, कुणाच्या हाताचं अक्षर, पूर्ण आहे की अर्धं. नुसती यादी करण्यातून काय निघू शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकन बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगस. तो ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत कुएर्नावाकाला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे बायको स्यूने त्याच्या अस्थी आपल्याकडे आणून गंगेत सोडल्या. पुढे काही वर्षांनी त्याच्या कागदांची सूची करताना एका अवाढव्य रचनेची पानं हाती लागली, ४,००० हून अधिक बारांची (बार म्हणजे तालाचं एक माप). ३ जून १९८९ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅलिस टली हॉलमध्ये गुंथर शुलर यांनी तीस वादकांना घेऊन ती उभी केली. आपल्या कपाटात असं काही निघणार नाही. माझ्या हाती एका सेट लिस्टच्या मागे चहाच्या कपाचं वर्तुळ आणि त्यात सोळा बार लिहिलेले सापडले, शेवटच्या चार बारांत चाल नाही, नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). तेवढंही पुष्कळ झालं.

गेलेल्या माणसाने स्वतः काही रचलं असेल तर एक कोरडं काम लगेच उरका. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकार गेल्यावर पुढची ६० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. बँडलीडर म्हणून तुम्ही त्याचे मालक नाही, मग त्यांनी ते तुमच्या पियानोवर बसून का रचलेलं असेना. ते आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद असतील तर वारसांची नोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतात. वहिनींना मी बरोबर घेऊन बसलो, फॉर्म त्यांनीच भरला.

बँडचा आकार बदला

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, हे सोडून. जे माणूस गेलं त्याच वाद्यावर, त्याच जागी, त्याच गाण्यांत दुसरं माणूस बसवू नका. निदान सहा महिने तरी नाही. बँडचा आकारच असा बदला की तुलना करायला जागा राहणार नाही.

मोठमोठ्यांना हे करावं लागलं आहे. २६ जून १९५६ ला मोटार अपघातात ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल गेले. ड्रमर मॅक्स रोचने आधी रिकाम्या जागा भरल्या, केनी डोरहॅमला ट्रम्पेटवर घेतलं. पण १९५८ मध्ये त्याचा बँड पाहा: ट्रम्पेटला बुकर लिटल, टेनर सॅक्सोफोनला जॉर्ज कोलमन, आणि पियानोच नाही. त्याऐवजी चक्क ट्युबा हे खर्जातलं भलंमोठं फुंकवाद्य, रे ड्रेपरचा. ट्युबा ऐकून कुणाला रिची आठवेल?

पियानोवादक बिल एव्हान्सचा बेसवादक स्कॉट लाफारो ६ जुलै १९६१ ला गेला, त्यांचं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं गाजलेलं ध्वनिमुद्रण होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. एव्हान्स कित्येक महिने गप्प बसला. नवी ट्रायो त्याने पुढे केलीच, पण १९६२ च्या वसंतात तो गिटारवादक जिम हॉलबरोबर नुसत्या दोघांचं मुद्रण करून बसला होता. त्यात बेस नाही आणि ड्रमही नाहीत. दोघांचा बँड म्हणजे रिकामी जागा ठेवायलाच जागा नाही.

घरचं माणूस जाण्याचं उदाहरण मात्र अ‍ॅलिस कोल्ट्रेनचं. नवरा, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, १७ जुलै १९६७ ला चाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेला. घरात चार लहान मुलं. त्यातल्या एकाचं नाव रविशंकरांवरून ठेवलेलं, रवी. जॉनच्या शेवटच्या बँडमध्ये ती पियानोवर होतीच. पुढच्या वर्षी तिने स्वतःच्या नावाने मुद्रण केलं तेव्हा माणसं बरीचशी तीच घेतली, जिमी गॅरिसन, रशीद अली, फॅरो सँडर्स. पण स्वतः हार्पवर बसली. ती हार्प जॉननेच मागवलेली होती आणि तो गेल्यावर घरी पोचली, असं सांगतात. १९७० मध्ये तर तिने बँडमध्ये तानपुरा आणि ऊद हे अरबी तंतुवाद्य आणलं. माणसं जुनी, पण आवाज पार वेगळा. मला विचाराल तर घरच्या माणसांसाठी हीच वाट बरी, कारण जुन्या सोबत्यांना तोडावं लागत नाही.

आता आपल्या कामाचं. कोण गेलं यावर आकार ठरतो.

ड्रमर गेला असेल तर ड्रमशिवाय सुरुवात करा. पियानो, गिटार, बेस या तिघांवर नॅट किंग कोलने १९३७ पासून लॉस एंजेलिसात नाव काढलं होतं. यात ताल बेसच्या चालीवर आणि गिटारच्या चार ठोक्यांवर उभा राहतो. पियानोवाल्याचं काम कमी वाजवणं. हे लिहायला सोपं आहे. ड्रम नाहीत म्हटल्यावर माझा डावा हात इतका बडबड करायला लागला की बेसवाला म्हणाला, 'तू बेस वाजवणार असशील तर मी चहा पिऊन येतो.' महिनाभर मी डावा हात मांडीवर ठेवून सराव केला.

बेस गेला असेल तर गिटार आणि पियानो किंवा ऑर्गन; ऑर्गनवादक पायाने बेस चालवतो. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवाला गेला असेल तर फुंकवाद्याचं कुळच बदला. ट्रम्पेटच्या जागी ट्रोम्बोन, टेनरच्या जागी क्लॅरिनेट. गायिका गेली असेल तर वर्षभर वाद्यांचाच बँड ठेवा. पियानो गेला असेल आणि लीडर तुम्ही दुसऱ्या वाद्यावर असाल तर दोन फुंकवाद्यं, बेस आणि ड्रम असा चौघांचा बँड करा. कॉर्ड कुणी धरून ठेवत नसल्यामुळे सुरुवातीला उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटतं, पण कान फार तयार होतो.

सहा महिन्यांत तुम्हाला निदान तिघं तरी 'मग तबला घ्या ना!' असं सुचवतील. तबला उत्तम वाद्य आहे. पण ड्रमची रिकामी जागा भरायला तबलजी बोलावणं म्हणजे त्याचा आणि ड्रमचा, दोघांचाही अवमान.

माणसं

आधी जुन्यांना विचारा, एकेकट्याला, समोरासमोर. ग्रुपवर मेसेज टाकू नका. ग्रुपवर सगळे हो म्हणतात. मी असं विचारलं: 'मी नवीन बँड करतोय. जुना बंद झाला. यात यायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालास तर तुझ्या घरी चहाला मी येतच राहणार.' दोघं हो म्हणाले. टेनरवाला नाही म्हणाला. दादाशिवाय त्या स्टेजवर चढणं जमणार नाही असं तो म्हणाला, आणि त्याला मनवायचा प्रयत्न मी केला नाही. अशा वेळी मनवून आणलेला माणूस दर तालमीला उशिरा येतो.

नव्या माणसाला बोलावताना पहिल्याच फोनवर सगळं सांगा: काय झालं, कुणाच्या जागी नाही, कुठली गाणी आहेत, किती तालमी, किती पैसे. एवढं ऐकून तो गडबडला तर बरंच झालं, तालमीत गडबडण्यापेक्षा.

परीक्षा म्हणून दोनच गोष्टी वाजवून घ्या. एक ब्ल्यूज, मध्यम लयीत, बी फ्लॅटमध्ये. एक संथ बॅलड. ब्ल्यूजमध्ये बघायचं ते त्याचा सोलो संपल्यावर, तो दुसऱ्याचं ऐकतो की फोन बघतो. बॅलडमध्ये बघायचं ते तो मोकळी जागा मोकळी ठेवू शकतो का. दुःखातल्या बँडमध्ये भरभरून वाजवणारा माणूस फार थकवतो. तयारी थोडी कमी असलेला पण शांत माणूस घ्या, तयारी वाढते.

ड्रमर परत घ्यायची वेळ आली की (आमच्याकडे आठव्या महिन्यात) एक अट माझ्या बाजूने: त्याने स्वतःचा सेट, स्वतःच्या सिंबल, स्वतःचं स्टूल आणायचं. मंचावर जागाही बदला. दादा माझ्या उजवीकडे असायचा, आता ड्रम पियानोच्या शेपटाकडे असतात. मान वळली की सवयीने जिथे नजर जाते तिथे बेसवाला उभा असतो.

शिवाय प्रत्येक वाद्यासाठी दोन नावं लिहून ठेवा. मिंगसच्या मागे स्यूने जो मोठा बँड उभा केला तो १९९१ पासून न्यूयॉर्कमध्ये दर गुरुवारी वाजायला लागला, आणि तो वादकांच्या मोठ्या ताफ्यातून आलटूनपालटून माणसं घेऊन चालायचा. ती स्वतः वाजवणारी नव्हती. एका माणसावाचून अडेल असा बँड तिने बांधलाच नाही.

कागद

जुन्या गाण्यांचे तीन गठ्ठे करा. पहिला, जी कुणाचीही आहेत, सगळे बँड वाजवतात ती. ती चालू ठेवा, पण सूर किंवा लय बदलून. दुसरा, जी गेलेल्या माणसाची ओळख होती. ती वर्षभर बंद. तिसरा, त्याने रचलेली; त्यातलं फक्त एक घ्या. एकच. मी पहिल्या उत्साहात चार घेतली होती आणि तालीम श्राद्धासारखी व्हायला लागली.

नव्या आकारासाठी कागद नव्याने लिहावेच लागतात. पियानोवरचा सी हा सूर ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनच्या कागदावर डी लिहायचा (टेनरला एक सप्तक आणखी वर), अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए. ट्रोम्बोनला काहीच बदलायचं नाही, बेस क्लेफमध्ये लिहा. म्हणजे आपला बी फ्लॅटचा ब्ल्यूज टेनरच्या कागदावर सी मध्ये आणि अल्टोच्या कागदावर जी मध्ये असतो. सॉफ्टवेअर हे एका बटणावर करून देतं, तरी एक पान हाताने लिहून बघा. वाजवणाऱ्याला श्वास कुठे घ्यायला मिळतो ते हाताने लिहितानाच कळतं. कागदावर 'दादाचा ब्रेक' असलं काही राहू देऊ नका. तिथे नुसतं 'ड्रम, २ बार' लिहा.

स्वतः नवी रचना करायची ऊर्मी येईल. करा, पण मोजून. १९३५ मध्ये आई गेल्यावर ड्यूक एलिंग्टनने लिहिलेली रचना जवळजवळ तेरा मिनिटांची झाली, ७८ च्या तबकड्यांच्या चार बाजू लागल्या आणि समीक्षकांनी त्याला झोडपलं. तो ड्यूक होता, त्याला परवडलं. आपण बत्तीस बारांत बसवावं.

तालमी

पहिल्या सहा तालमी एकाच जागी, एकाच वारी, एकाच वेळी ठेवा आणि प्रत्येकी अडीच तासांच्या वर जाऊ नका. जुन्या तालमीची खोली टाळा. पहिल्या दोन तालमींत पाच गाणी, तीही नुसतं हेड (गाण्याची मूळ चाल) आणि एक एक सोलो. तिसऱ्या-चौथ्यात सुरुवाती आणि शेवट. बँड गाण्याच्या मध्यात कधी पडत नाहीत, शेवटाला पडतात. पाचवीत पूर्ण सेट न थांबता. सहावी मोकळी ठेवा, कारण मधली एक तालीम हमखास बुडते.

सगळ्यात अवघड गेलं ते काउंट-इन, म्हणजे मोजून गाणं सुरू करणं. मी पियानोवर बोटं ठेवून बसलो आणि सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा लक्षात आलं की 'वन, टू' म्हणायची वेळ बावीस वर्षांत माझ्यावर आलेलीच नाही. पहिल्या तालमीत मी प्रत्येक गाणं मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी जलद उचललं. उपाय साधा आहे. मोजायच्या आधी गाण्याचा मधला भाग, ब्रिज, मनात एकदा म्हणा. बहुतेक गाण्यांत सगळ्यात अडचणीच्या जागा तिथे असतात. त्या जागा ज्या लयीत सहज म्हणता येतात तीच गाण्याची लय. मग तोंडाने मोजा. घाई नाही, लोक थांबतात. मेट्रोनोमवर आकडा बघून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढच्या वेळी ताडून पाहता येतं.

'तो असं वाजवायचा' हे वाक्य तालमीत बंद. तुम्हाला जे हवंय ते वाद्याच्या भाषेत सांगा: 'इथे ब्रश घे', 'हाय-हॅट दोनवर आणि चारवर ठेव, बाकी काही नको', 'बेसच्या किंचित मागे राहा.' आणि मध्येच रडू आलं तर 'दहा मिनिटं' म्हणून बाहेर जा. कुणी विचारत नाही. वादक मंडळी अशा वेळी आपापली वाद्यं लावायला घेतात, ती त्यांची रीत आहे.

पैसे

थोडक्यात सांगतो. हिशेब सगळ्यांसमोर उघडा. समजा ४०,००० आले, प्रवास आणि साउंडचे ४,००० गेले, उरलेल्या ३६,००० चे पाच वादकांत सहा भाग: प्रत्येकी ६,००० आणि सहावा भाग बँडच्या डब्यात, तालमीच्या खोलीसाठी. लीडरला जास्त घ्यायचं असेल तर तेही आधी बोला. गेलेल्याच्या घरी दर गिगमधून वाटा द्यावा असं मला फार वाटत होतं. चार महिने दिलाही. मग लक्षात आलं की नव्या मुलांना हे खटकत होतं आणि बोलताही येत नव्हतं, आणि वहिनींना ते घेणं अवघड झालं होतं. रचनेचा हक्क वारसांचा, तो त्यांना मिळतोच. मदतच करायची तर त्यासाठी एक वेगळा कार्यक्रम करा, तसं जाहीर सांगून. सार्वजनिक ठिकाणी वाजवायचा परवाना साधारणपणे आयोजक किंवा जागामालक काढतो, पण कुणी काढायचा ते ठरतानाच लिहून घ्या.

पहिला कार्यक्रम

छोटी जागा, आठवड्यातला मधला वार, साठेक माणसं. पहिल्याच कार्यक्रमाला 'श्रद्धांजली' असं नाव देऊ नका; लोक मग टाळी वाजवायची की नाही या विचारात बसतात. तारीख वर्षश्राद्धाच्या आसपास नको. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, तेव्हा अशा जागा जॅझला तयार असतात, तोही विचार करण्यासारखा. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. जवळ इस्पितळ किंवा शाळा असेल तर शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात, तेव्हा जागा आधी पायी फिरून बघा.

पंचेचाळीस मिनिटांचे दोन सेट. क्रम लावताना मला न्यू ऑर्लीन्सची रीत उपयोगी पडली. तिथे अंत्ययात्रेत बँड स्मशानभूमीपर्यंत संथ, जड चालीत जातो, ड्रमचा आवाजही दाबलेला असतो. दफन आटोपलं की स्नेअर ड्रमची तार लागते आणि परतीच्या वाटेवर तोच बँड नाचायला लावतो, मागे छत्र्या फिरवत माणसांची दुसरी रांग. जाण्याची आणि परत येण्याची अशी दोन वेगळी संगीतं असतात. मी दादाचं ते सोळा बारांचं अर्धं गाणं पहिल्या सेटच्या शेवटी ठेवलं, संथ, ड्रमशिवाय. शेवटचे चार बार मी पूर्ण केले नाहीत. कॉर्ड वाजवले आणि वरची जागा मोकळी सोडली. नाव एकदाच घेतलं, वाजवून झाल्यावर, आधी नाही. मग पंधरा मिनिटं विश्रांती. दुसरा सेट सुरुवातीपासून जलद.

घरच्यांना दुसऱ्या रांगेत कडेला बसवा, दाराजवळ. पहिल्या रांगेत बसवलं की सगळे त्यांच्याचकडे बघतात. वहिनी मध्यंतरात उठून गेल्या आणि दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गाण्याला परत आल्या, हे मला नंतर कळलं. ध्वनिमुद्रण जरूर करा, पण आठवडाभर ऐकू नका.

पैसे वाद्यं भरायच्या आधी वाटा. आणि पुढची तारीख त्याच रात्री वहीत लिहा, सगळे समोर असताना. आम्हाला त्या जागेने महिन्याने गुरुवार देऊ केला. सगळे हो म्हणाले. ड्रमर सिंबलच्या पिशवीची चेन लावत म्हणाला, 'गुरुवारी मला नाही जमणार, सब पाठवतो.' मी म्हटलं, 'पाठव.'